भिंतीवरची माणसं

फोटोला आपल्या मराठीनं ‘छायाचित्र’ असं नाव दिलं, याची मला नेहमी गंमत वाटत आली आहे. मूळ युरोपीय शब्दाचा अर्थ ‘प्रकाशानं रेखाटलेलं’ असा होतो. आपण मात्र प्रकाशाचं नाव न घेता सावलीचं घेतलं. हा शब्द ज्या कोणी पहिल्यांदा वापरला, त्याला मराठी मनाची चांगलीच पारख असली पाहिजे. कारण आपल्या मायेचा, धाकाचा आणि दुःखाचा हिशेब आपण सावलीतच मांडतो. आई ही सावली असते, वडील गेले की छत्र हरपतं, वाईट दिवसांचं सावट येतं आणि नको असलेल्या माणसाच्या सावलीलाही आपण उभे राहत नाही.

गेलेल्या माणसांची आठवण राहावी म्हणून आपण सगळी भिस्त फोटोवर ठेवतो. दिवाणखान्यात, देवघराच्या बाजूला, चंदनाचा हार घातलेले ते चेहरे आपल्याकडे बघत असतात. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. फोटोतला चेहरा त्या माणसाचा असतो. पण तो माणूस बहुतेक वेळा त्याच्या आकृतीत असतो. त्याच्या पाठमोऱ्या उभं राहण्यात, दारातून आत येताना चौकटीत मावण्यात, भिंतीवर पडलेल्या सावलीत असतो. फोटो एका क्षणाचा असतो, आकृतीत वर्षं साठलेली असतात. आणि ही आकृती दिसायला जी साधी भिंत आणि जो एकटा दिवा लागतो, ते दोन्ही आपल्या गिरगाव-दादर-परळ-लालबागमधून भराभर नाहीसे होत आहेत. म्हणून हा विषय आज काढावासा वाटला.

आमचं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं. दोन खोल्या आणि त्या दोन खोल्यांत मिळून उजेड देणारा, वायरला लोंबकळणारा चाळीसचा एक बल्ब. आज कुणाला खरं वाटणार नाही, पण त्या एका बल्बच्या जिवावर आम्ही चार भावंडं शिकलो. या बल्बचा एक गुण होता. उजेड एकाच बिंदूतून यायचा, त्यामुळे सावल्या काळ्याभोर आणि रेखीव पडायच्या. पुढं ट्यूबलाइट आली. ती चार फूट लांब; तिचा उजेड चहूकडून यायचा आणि सावलीच्या कडा पुसट व्हायच्या. आता तर छताला खोटं छत लावून त्यात सहा-सहा, आठ-आठ दिवे बसवतात. प्रत्येक दिवा दुसऱ्याची सावली पुसून टाकतो. नव्या घरात माणसं वावरतात, पण भिंतींना त्यांचा पत्ता नसतो.

तर त्या बल्बखाली आई पोळ्या लाटायची, तेव्हा तिची सावली समोरच्या भिंतीवर छतापर्यंत जायची. प्रत्यक्षात आई पाच फुटांचीही नव्हती. भिंतीवर मात्र ती अवाढव्य दिसायची. अंबाडा, कोपरातून हलणारा हात, मधूनच कपाळावरचे केस मनगटानं मागे सारणं. अभ्यासाचं पुस्तक समोर धरून मी त्या भिंतीकडे बघत असे. फ्यूज उडाला की मेणबत्ती लागायची आणि मग आमची चंगळ. हाताच्या बोटांचे कुत्रे, हरणं, मोर भिंतीवर नाचायचे. १९७१ च्या डिसेंबरात युद्ध सुरू झालं, तेव्हा खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले होते आणि भोंगा झाला की सगळी चाळ अंधारात बुडायची. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. विमानांची भीती वाटायची, हे खरंच. पण त्याहून अधिक जाणवायचं ते भिंतीवर आई नसणं. ती हाताच्या अंतरावर बसलेली असायची, तिच्या बांगड्या ऐकू यायच्या, तरी भिंत रिकामी असली की घर रिकामं वाटायचं.

वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. जुळारी हा शब्द आता त्या धंद्याबरोबरच गेला. आठ तास केससमोर उभं राहायचं, एका हातात स्टिक, दुसऱ्या हातानं खिळा उचलायचा आणि मान सतत डावीकडे कललेली. तीस वर्षांत ती मान तशीच राहून गेली, उजवा खांदा खाली उतरला. रात्री ते यायचे तेव्हा जिन्यावरचा दिवा त्यांच्या मागे असायचा. आमच्या दारातून गॅलरीच्या त्या टोकाला एक काळी आकृती दिसायची. कललेली मान, उतरता खांदा, हातात पिशवी आणि काखेत छत्री. चेहरा अजिबात दिसत नसे. पण चाळीतल्या तीस-चाळीस बाप्यांमधून आपला बाप ओळखायला आम्हां भावंडांपैकी कुणालाच कधी चेहऱ्याची गरज पडली नाही. त्यांचा फोटो आमच्याकडे एकच आहे. स्टुडिओत कुणाचा तरी कोट घालून, मान सरळ करून काढलेला. फोटोग्राफरनं हनुवटीला हात लावून ती मान सरळ केली असणार. तो फोटो बघितला की कोणी तरी सभ्य गृहस्थ आपल्याकडे बघतात असं वाटतं; बाबा वाटत नाहीत.

असं का होतं, याचं उत्तर शोधायला मानसशास्त्रज्ञांनीही डोकं चालवलं आहे. स्वीडनमध्ये गुन्नार योहान्सन नावाच्या संशोधकानं १९७३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाच्या सांध्यांवर चमकणारे दहा-बारा ठिपके लावायचे आणि त्याला अंधारात चालायला लावायचं. बघणाऱ्याला दिसतात ते फक्त हलणारे ठिपके. तरीही हा माणूस चालतो आहे, हे बघणाऱ्याला क्षणार्धात कळतं. पुढं १९७७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की, अशा ठिपक्यांवरून माणसं आपल्या मित्रांनाही ओळखतात. दरवेळी नाही, पण नुसत्या अंदाजानं साधेल त्याहून जास्त वेळा. म्हणजे चेहरा, रंग, कपडे सगळं काढून घेतलं तरी ओळख शिल्लक राहते. गॅलरीच्या टोकाला बघणाऱ्या चाळीतल्या पोरांना हे आधीच ठाऊक होतं, एवढंच.

चित्रकलेच्या जन्माचीच एक कथा सावलीतून आलेली आहे. प्लिनी या रोमन ग्रंथकारानं ती नोंदवली आहे. कॉरिंथमधल्या एका कुंभाराच्या मुलीचं एका तरुणावर प्रेम होतं आणि तो दूरदेशी निघाला होता. तो जाण्याआधी दिव्याच्या उजेडात त्याच्या चेहऱ्याची सावली भिंतीवर पडली, ती तिनं रेघ ओढून पकडून ठेवली. बापानं त्या रेघेत माती भरली आणि ती भाजून पहिलं मातीचं मुखचित्र तयार केलं. कथा खरी की खोटी हा प्रश्न सोडा. पण माणसाला चित्र का काढावंसं वाटलं, याचं त्यात दिलेलं कारण मला पटतं. जाणारं माणूस राहावं म्हणून!

अठराव्या शतकात युरोपात काळ्या कागदातून कापलेली अशी मुखचित्रं फार लोकप्रिय झाली. त्यांना ‘सिल्हूट’ म्हणतात, हे पुष्कळांना माहीत असेल. पण हे आडनाव एका अर्थमंत्र्याचं होतं, हे वाचून माझ्यासारख्या निवृत्त बँकवाल्याला फारच आनंद झाला. एतियेन द सिल्हूट हे १७५९ मध्ये जेमतेम काही महिने फ्रान्सच्या तिजोरीचे प्रमुख होते. युद्धामुळे खजिना रिकामा, म्हणून या गृहस्थांनी श्रीमंतांवर कर बसवले, काटकसरीचा धोशा लावला. लोक चिडले आणि जे जे स्वस्तातलं, कंजूषपणाचं, त्याला त्यांचं नाव लावू लागले. रंगीत तैलचित्र परवडत नाही त्यानं काळ्या कागदाची सावली करून घ्यावी, म्हणून तीही सिल्हूट. मंत्री गेले, कर गेले, पण गरिबाला परवडणाऱ्या त्या चित्राच्या रूपानं नाव राहिलं. किती अर्थमंत्र्यांच्या नशिबी हे येतं?

आपल्याकडे सावलीला पडद्यावर आणण्याची कला याहून वेगळ्या वाटेनं वाढली. परळ-लालबागमध्ये ज्यांची दोन-तीन पिढ्यांची बिऱ्हाडं आहेत, त्यांतल्या अनेकांचं गाव सिंधुदुर्गात. तिथं कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची मंडळी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात. पांढऱ्या कापडामागे दिवा, त्याच्यापुढे रंगवलेल्या, छिद्रं पाडलेल्या चामड्याच्या आकृत्या आणि रामायणातली आख्यानं. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास काचेवर चित्रं रंगवून ‘शांभरिक खरोलिका’ नावाचे दिव्याचे खेळ सुरू केले. ७ जुलै १८९६ ला काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रं आली. आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्याचं बरंचसं काम दादर मेन रोडवरच्या बंगल्यात झालं होतं. आज दादरला त्यांच्याच नावाचा रस्ता आहे.

दादासाहेब फाळक्यांच्या चरित्रातली एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. सिनेमाच्या पुष्कळ आधी ते गोध्र्याला फोटोग्राफर होते. फोटो काढला की माणसाचं आयुष्य कमी होतं, या समजुतीपायी धंदा चालेना. त्यातच प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल गेलं. या दुःखाचा आणि पुढच्या सिनेमाचा धागा जोडण्याचा मला अधिकार नाही, तसं त्यांनी कुठं म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. पण कोरोनेशनमध्ये दिवे मालवल्यावर पडद्यावर जे हलू लागलं, ती माणसं नव्हती, माणसांच्या छाया होत्या. आणि ती माणसं गेल्यावरही त्या हलणार होत्या, हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल?

सावलीचं एवढं कौतुक करताना तिच्या नावावर झालेला अन्यायही सांगितला पाहिजे. नाहीतर हे लिखाण लबाडीचं होईल. याच महाराष्ट्रात, पेशवाईच्या अखेरच्या काळातल्या पुण्यात, महार-मांगांना दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊपर्यंत शहरात यायला बंदी होती, अशी नोंद अभ्यासकांनी केली आहे. कारण? त्या वेळी सावल्या लांब पडतात आणि त्या सवर्णांच्या अंगावर पडल्या तर विटाळ होतो! माणसाचा स्पर्श तर सोडाच, त्याची सावलीही नको. नंतर याच समाजातला एक माणूस परळच्या बीआयटी चाळीतल्या छोट्या खोल्यांत वीसेक वर्षं राहिला, तिथून लढला आणि मग दादरच्या हिंदू कॉलनीत पुस्तकांसाठी ‘राजगृह’ बांधून राहिला. आज दर ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर लाखो माणसं रांगा लावतात. तिथं विकायला असलेल्या कित्येक चित्रांत चेहऱ्याचे बारकावे नसतातही. कोट, चष्मा आणि उचललेलं बोट, एवढी बाह्यरेषा पुरते. ज्यांची सावली टाळली गेली, त्यांच्यातल्या एकाची आकृती आज देशातलं लहान मूलही ओळखतं. सावलीनं घेतलेला याहून मोठा सूड मला माहीत नाही.

बँकेतल्या नोकरीनं मला सावल्या वाचायला शिकवलं. १९८२ मध्ये मी परळ भागातल्या शाखेत नवा कारकून होतो. त्या वर्षी १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. तोवर पगाराच्या तारखेला आमच्या काउंटरसमोर हसत-खिदळत रांग लागायची. हळूहळू तीच माणसं मुदत ठेव मोडायला येऊ लागली. पुढं अधिकारी होऊन मी त्याच भागात केबिनमध्ये बसलो. केबिनच्या दाराला दुधी काच होती. बाहेर कोण आलंय ते त्या काचेवरच्या आकृतीवरून कळायचं. ठेव ठेवायला आलेला माणूस दार ढकलूनच आत यायचा. कर्ज मागायला आलेला आधी उभा राहायचा. आणि गिरणी बंद पडलेला साचेवाला? तो डोक्यावरची टोपी काढायचा, पुन्हा घालायचा, कागदांची घडी उलगडायचा, पुन्हा मिटायचा. एकदा तर अशी आकृती दारापर्यंत येऊन परत फिरली. मी उठून बाहेर जाईपर्यंत माणूस रस्त्यावरच्या गर्दीत मिसळला होता. त्याचा चेहरा मी पाहिलाच नाही. पण दुधी काचेवरचे ते खाली पडलेले खांदे आजही मी कागदावर काढून दाखवू शकेन.

बँकेवरून आठवलं. हिरोशिमात सुमितोमो बँकेच्या शाखेबाहेर दगडी पायऱ्या होत्या. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी, बँक उघडण्याआधी, कुणीतरी तिथं येऊन बसलं होतं. सव्वाआठला बॉम्ब फुटला, त्याच्या थेट खालची जागा तिथून अवघ्या २६० मीटरवर. त्या धगीनं आजूबाजूचा दगड पांढरा पडला. बसलेल्या माणसाच्या देहामुळे जेवढा झाकला गेला, तेवढाच भाग काळसर राहिला. माणूस गेला, सावली राहिली. पुढं तो पायऱ्यांचा भाग कापून काढून १९७१ मध्ये तिथल्या शांतता संग्रहालयाकडे देण्यात आला. ती सावली आमच्याच माणसाची, असं सांगणारी एकाहून अधिक कुटुंबं पुढं आली. मला यात नवल वाटत नाही. ज्यांच्या हाती अस्थीही आल्या नाहीत, त्यांना दगडावरचा एक डागही घरच्या माणसासारखा वाटला असेल. आपलं माणूस नक्की कुठं होतं, हे दाखवणारी तेवढी एकच खूण होती.

आमच्या घरातलं सांगतो. आई सत्तरी ओलांडली तेव्हा तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. शस्त्रक्रियेला ती तयार होईना. दोन वर्षं तिला चेहरे दिसत नव्हते, उजेडासमोर उभ्या राहिलेल्या आकृत्या तेवढ्या दिसायच्या. पण दारात कोण उभं आहे हे ओळखायला ती एकदाही चुकली नाही. “धाकटा ना रे? ये, बस.” वीस वर्षांनी आलेल्या शेजारणीलाही तिनं उंबऱ्यातच नावानं हाक मारली. शेवटी डोळे झाले, पट्टी निघाली, तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, “अगबाई, किती म्हातारा झालास रे!” सगळे हसलो. पण नंतर मनात आलं, त्या दोन वर्षांत तिच्यापुढं उभा राहणारा मी तिचा जुनाच मुलगा होतो. आकृतीला वय उशिरा चढतं.

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. चाळीतली आमची खोली अजून होती. तिथं ताई राहायची. एका संध्याकाळी मी ऑफिसमधून परस्पर तिच्याकडे गेलो. हातात पिशवी, काखेत छत्री, मागे जिन्यावरचा दिवा. ताई दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली आणि सूप हातातून खाली ठेवून ती एकदम उभीच राहिली. मी जवळ गेलो तरी तिला शब्द फुटेना. मग म्हणाली, “मेल्या, मान अशी वाकडी करून काय येतोस? क्षणभर मला वाटलं...” पुढं ती बोलली नाही. मी कधी खिळे जुळवले नाहीत. मान वाकडी व्हायचं मला काही कारण नव्हतं. पण मुलगा बापाचं बघून उभं राहायला शिकतो, चालायला शिकतो, आणि मग एखाद्या संध्याकाळी पाठीमागे दिवा आला की बाप त्याच्यातून चालत येतो. वारसाहक्काची प्रकरणं मी बँकेत शेकड्यांनी हाताळली. नामांकन, वारस दाखला, हमीपत्र, काय काय लागतं! हा एकच वारसा असा पाहिला की जो कसल्याही कागदाशिवाय पुढच्या नावावर चढतो.

अर्थात सावली म्हणजे माणूस नव्हे, हेही आपल्या पुराणांनी सांगून ठेवलं आहे. सूर्याचं तेज सहन होईना म्हणून त्याची पत्नी संज्ञा घर सोडून गेली आणि आपल्या जागी आपली छाया ठेवून गेली. छायेनं संसार केला, शनी हा तिचाच मुलगा. पण संज्ञेच्या मुलांना एक दिवस कळलंच की ही आपली आई नव्हे. रूप तेच, माया ती नाही. तेव्हा आठवणींच्या सावल्यांत रमून समोरच्या हाडामांसाच्या माणसांकडे पाठ फिरवणं, हे काही शहाणपणाचं नव्हे.

तसंच चाळींच्या नावानं गळा काढणंही मला मंजूर नाही. ज्यांनी पहाटे सार्वजनिक संडासापुढे टमरेल घेऊन रांग लावली नाही, पावसाळ्यात गळक्या छताखाली पातेली मांडली नाहीत, त्यांनी चाळीच्या रम्य आठवणी खुशाल लिहाव्यात. बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांत तीन-तीन पिढ्यांनी दिवस काढले. त्यांना आता ५०० चौरस फुटांची घरं मिळत आहेत, वरळीत पहिल्या साडेपाचशेच्या वर कुटुंबांच्या हाती ऑगस्ट २०२५ मध्ये किल्ल्या आल्या. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरची माणसं तेव्हा आपल्या पाळीची वाट बघत होती. गिरगावात भुयारी मेट्रो आली आहे. हे व्हायलाच हवं होतं. गिरण्यांच्या जागेवर उभ्या राहिलेल्या उंच इमारतींची सावली खालच्या चाळींवर पडते आणि काही गॅलऱ्यांतलं दुपारचं ऊन वेळेआधीच संपतं, हेही खरं आहे. पण त्याचं रडगाणं गाण्यापेक्षा आपल्या हातात काय आहे ते बघावं.

घर सोडायची वेळ आली की हल्ली सगळे मोबाइल काढतात. जिना, गॅलरी, मोरी, खिडकी, सगळ्याचं चित्रण होतं. शेकडो फोटो निघतात आणि त्यांत आजी-आजोबा कॅमेऱ्याकडे बघून, सांगितल्याबरहुकूम हसत असतात. ते काढा, जरूर काढा. पण त्याबरोबर एक संध्याकाळ आणखी एका गोष्टीसाठी ठेवा. सगळे दिवे घालवा, एकच ठेवा; टेबलावरचा दिवा असला तर उत्तम, नाहीतर मेणबत्ती. भिंतीवर मोठा कागद चिकटवा. घरातल्या सर्वांत वडील माणसाला दिवा आणि भिंत यांच्यामध्ये, भिंतीला जवळ, बाजूनं वळून बसायला सांगा. त्यांना सरळ बसा म्हणू नका, जसे रोज बसतात तसेच बसू द्या. आणि घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या हातात पेन्सिल देऊन ती सावली गिरवून घ्या. रेघ वाकडी आली तरी चालेल. कोपऱ्यात नाव आणि तारीख घाला. मग एकेक करून सगळ्यांची पाळी. खर्च म्हणाल तर कार्डशीटचा. एतियेन द सिल्हूटसाहेबही हरकत घेणार नाहीत.

या खटाटोपाचा फायदा कागद उरतो एवढाच नाही. सावली गिरवायची तर समोरच्या माणसाला पाच मिनिटं नीट बघावं लागतं. मान कुठं वळते, पाठीला बाक किती आला, हनुवटी कशी पुढं येते, ते डोळ्यांनी शोधावं लागतं. एका घरात राहून आपण एकमेकांकडे असं शेवटचं कधी बघितलं होतं? आणि ज्या मुलाच्या हातात आज पेन्सिल आहे, त्याच्या बोटांना आजोबांच्या खांद्याचा उतार कायमचा माहीत होईल.

मुंबईत वर्षातून दोन दिवस असे येतात, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस, जेव्हा भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस म्हणतात त्याला. शाळांची मुलं तेव्हा मैदानात बाटल्या, डबे उभे करून ती गंमत बघतात. पुढच्या वेळी आपली नातवंडं असा डबा घेऊन गच्चीवर निघाली, तर त्यांना एवढंच सांगा : ही सावली दोन मिनिटांनी परत येणार आहे. घरात बसलेल्या आजीची तेवढी दिवेलागणीला, आजच गिरवून ठेवा.